बॉनेटखालचा उंदीर आणि गावाचा बंदोबस्त

उंदरांच्या उपद्रवाविषयी काही लिहावयाचे म्हटले म्हणजे उभे पीक, खळ्यावरील रास आणि घरातील कणगी एवढ्यांचाच विचार करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या यादीत आता आणखी एका वस्तूची भर घालावयास हवी. ती म्हणजे दारात उभी असलेली मोटार. पिकअप असो, टेम्पो असो, ट्रॅक्टर असो किंवा कारखान्याला भाड्याने लावलेली चारचाकी असो, रात्री बॉनेटखाली शिरून उंदीर तिच्या वायरी कुरतडतात, रबरी नळ्यांना भोके पाडतात, हवेच्या फिल्टरच्या डब्यात चिंध्या आणि कडब्याची पाने नेऊन घरटे करतात आणि सकाळी गाडी जागची हलत नाही. हे काम मिस्त्रीचे, शेतीखात्याचे नव्हे, अशी आजवर सर्वांची समजूत आहे. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या उलट आहे. मिस्त्री तुटलेली वायर जोडून देतो. ती तोडणाऱ्याचा बंदोबस्त त्याच्या हाती नाही. तो उंदीर शेताच्या बांधावरचा, गोठ्यातला आणि उकिरड्यावरचा आहे, आणि त्याच्याशी गाठ घालण्याची विद्या जर कोणाजवळ असेल, तर ती शेतकऱ्याजवळ आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याजवळ आहे.

या भागात मोटारीला जे महत्त्व आले आहे ते आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. चाकणची ख्याती मूळची कांद्याच्या पेठेची. १९८० साली कांद्याच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले ते याच परिसरात, आणि त्यांची आंबेठाणची शेतीही येथून जवळच. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादन केल्या. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले आणि पाठोपाठ सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, सावरदरी, भांबोली, वराळे या गावांची शिवारे पाहता पाहता पालटली. जमीन गेलेल्या कित्येक कुटुंबांनी मोबदल्याच्या पैशातून अथवा कर्ज काढून गाडी घेतली आणि ती कारखान्याला लावली. उरलेल्या शेतात भाजीपाला व कांदा करणाऱ्यालाही पिकअपवाचून चालत नाही. ज्या घरात पूर्वी बैलजोडी हे भांडवल होते, त्या घरात आज गाडी हे भांडवल आहे.

परंतु बैल आणि गाडी यांत एक फरक आहे. बैल आजारी पडला म्हणून कोणाला महिन्याच्या ठरल्या तारखेस हप्ता भरावा लागत नसे. गाडी चार दिवस गॅरेजात पडून राहिली तर फेऱ्यांचे पैसे बुडतात, हप्ता मात्र चुकत नाही. आणि कामगारांना घेऊन जाणारी गाडी दोन-तीन वेळा पहिल्या पाळीला पोचली नाही, तर कंत्राटच दुसऱ्याकडे जाते. गोणी भरून ठेवलेली पिकअप पहाटे चालू झाली नाही, तर त्या दिवसाचा लिलाव हुकतो. अशा घराला उंदराने केलेले नुकसान पायलीभर धान्यापुरते राहत नाही. म्हणूनच, शेतीच्या पत्रिकेत मोटारीचे काय काम, असा जो आक्षेप काही मंडळी घेतील, तो आम्हांस मान्य नाही.

आता उंदीर गाडीत शिरतोच का, ते पाहू. उंदराचे पुढचे चार दात, वरचे दोन आणि खालचे दोन, जन्मभर वाढत राहतात. वर्षाकाठी ही वाढ १० सेंटिमीटरहून अधिक भरते. ती सतत झिजविली नाही तर त्याला तोंड मिटता येणार नाही आणि तो उपाशी मरेल. यासाठी खाण्याजोगी वस्तू नसली तरी तो कुरतडतच राहतो. त्याच्या दातांवरील कवच तांबे आणि ॲल्युमिनियम यांहून कठीण असते; मग वायरीवरील प्लॅस्टिकच्या वेष्टणाची काय कथा! अलीकडे असेही ऐकू येते की, नव्या गाड्यांच्या वायरींच्या वेष्टणात सोयाबीनचा अंश असतो आणि त्याच्या वासाने उंदीर येतात. अमेरिकेत या मुद्द्यावरून मोटार कंपन्यांवर दावेही लावण्यात आले. आपल्या शेतकऱ्याला मात्र याचे उत्तर शोधण्यासाठी इतके दूर जावे लागणार नाही. ठिबक सिंचनाच्या नळीत सोयाबीन नसते, तरीही उंदीर ती दर हंगामात फोडतो. साबण, चप्पल, दाराची चौकट यांतील काहीही त्याला वर्ज्य नाही.

दुसरे कारण निवाऱ्याचे. दिवसभर चाललेल्या गाडीचे इंजिन रात्री बराच वेळ ऊबदार राहते. बॉनेटखाली अंधार असतो, वारा लागत नाही, मांजर व घुबड तेथे पोचत नाही, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूस आवाज व उष्णता अडविण्यासाठी बसविलेली जी गादी असते, तिचा कापूस घरट्यास आयता मिळतो. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत आणि आषाढातील झडीत अशी जागा सोडून उंदराने ओल्या बिळात का राहावे? टायरवरून चढून वर जाणे त्याला मुळीच अवघड नाही. घरात वावरणारा लांब शेपटीचा उंदीर तर चढण्यात पटाईतच असतो. इवलासा घरउंदीर बोटभर फटीतून आत जातो. शेतातील बिळे खोदणारा काळसर, जाड अंगाचा उंदीर, ज्याला काही ठिकाणी लहान घूस म्हणतात, तो सहसा वर चढत नाही. पण गाडीच्या शेडखाली बिळे करून तेथेच वस्ती करतो. चिचुंद्रीला मात्र या पापात उगाच ओवू नये. ती उंदरांच्या कुळातली नव्हे. तिचे खाणे किडे-झुरळांचे. लेंड्यांवरूनही बराच उलगडा होतो. तांदळाच्या दाण्याहून लहान असल्या तर घरउंदीर, आणि अर्ध्या इंचाच्या वा त्याहून मोठ्या असल्या तर मोठा उंदीर असे समजावे. पिंजरा कोणत्या मापाचा आणावयाचा हे त्यावरून ठरते.

पूर्वीच्या ट्रॅक्टरला वायरी मोजक्याच असत. एखादी तुटली तर शेतकरी स्वतःच तिला पीळ घालून चिकटपट्टी गुंडाळीत असे आणि नांगरट पुरी करीत असे. आता ते दिवस राहिले नाहीत. १ एप्रिल २०२० पासून मोटारींना भारत-६ ही धूरनियंत्रणाची मानके लागू झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाही अधिक कडक मानके आली. त्यामुळे इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात सेन्सर बसले आहेत आणि त्यांच्या केसासारख्या बारीक वायरी एका जुडग्यात बांधलेल्या असतात. त्यांतील एक तुटली तरी इंजिन बंद पडते किंवा निम्म्या ताकदीने चालते, आणि दोष शोधण्यासच मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. सबंध जुडगा बदलावा लागला तर खर्च हजारोंच्या घरात जातो. याहून गंभीर गोष्ट अशी की, वेष्टण गेलेल्या दोन वायरी एकमेकींस चिकटून ठिणगी पडते. जवळच घरट्याचा कोरडा कडबा आणि कुरतडलेली इंधनाची नळी असली म्हणजे गाडी पेटावयास वेळ लागत नाही. गाडी गोठ्याला लागून उभी असेल तर पुढचे सांगावयास नको.

मग हे उंदीर आले कोठून? येथेच आमच्या मताचा मुख्य आधार आहे. औद्योगिक पट्टा म्हणजे शेती संपलेली जागा, असे नकाशावर दिसते. उंदराच्या दृष्टीने तसे नाही. शेतातील उंदराला बांध, बीळ व दाणा लागतो. कारखान्यांच्या शेजारी ज्या जमिनी विकल्या गेल्या परंतु बांधल्या गेल्या नाहीत, त्या वर्षानुवर्षे पडीक आहेत. त्यांत गवत माजले आहे, बांध कोणी दुरुस्त करीत नाही, नांगर फिरत नाही, म्हणून बिळे कधी मोडली जात नाहीत. रस्त्याच्या पलीकडे कँटीनचे उष्टे, हॉटेलांचा शिळा भात व मजुरांच्या खोल्यांमागील कचरा. एका बाजूस कायमचे घर आणि दुसऱ्या बाजूस बारमाही अन्न, अशी सोय जिरायती शिवाराने उंदराला कधीच दिली नव्हती. पूर्वी उन्हाळ्यात दाणा संपला की त्यांची संख्या आपोआप घटत असे. त्यात त्यांच्या वाढीचा वेग पाहा: मादी सुमारे तीन आठवडे गाभण राहते, एका वेळी पाच ते दहा पिले देते, आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्यास योग्य होतात.

ओसाड जागा उंदराला किती मानवते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात लोक पडक्या वा धोक्याच्या घरांतून बाहेर राहावयास गेले. धान्य मात्र कित्येक ठिकाणी घरांतच राहिले. पुढील वर्षी, १९९४ साली, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग उद्भवला आणि त्याचे कारण या बंद घरांत माजलेले उंदीर असे तेव्हा सांगण्यात आले. चाकण भागात तसे काही होईल असे भय घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु माणसाने सोडलेली जागा रिकामी राहत नाही, एवढे त्यावरून दिसते. भंगाराच्या बाबतीतही हेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली-कुदळवाडी येथील भंगाराची गोदामे व पत्राशेड मोठ्या प्रमाणावर पाडली. अशी कोणतीही जागा साफ करण्याआधी तेथील उंदरांचा बंदोबस्त केला नाही, तर भंगार एकीकडे जाते आणि उंदीर शेजारच्या वस्तीत जातात. हे पाडणाऱ्याने पाहिले पाहिजे, नाही तर शेजाऱ्याने त्याला सांगितले पाहिजे.

चुकीच्या जागी शोध घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असताना सोजीर घराघरांत शिरून झडती घेत, माणसे व सामान बाहेर काढीत. त्या जाचाने संतापलेल्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. तोपर्यंत सरकारची सारी दृष्टी माणसांच्या उंबरठ्यावर होती, बिळावर नव्हती. आज गाडीच्या बाबतीत आपण उंबरठ्याऐवजी बॉनेट धरून बसलो आहोत, इतकाच फरक.

बॉनेट उघडून जे उपाय केले जातात त्यांचा थोडक्यात समाचार घेऊ. तंबाखूची पुडी बांधल्याने एक-दोन दिवस वास राहतो. इंजिनाच्या उष्णतेने तो उडाला की उंदीर तिच्यावरच बसतो. डांबराच्या गोळ्यांचा वास वातानुकूलनाच्या वाटेने गाडीत येतो आणि तो तान्ह्या मुलांस अपायकारक असतो. रॉकेल अथवा डिझेल शिंपडणे हा तर निव्वळ अविचार. रबर कुजते आणि आगीला आमंत्रण मिळते. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे बाजारात मिळतात. उंदीर प्रारंभी बिचकतो, पुढे त्या आवाजाला सरावतो. तिखटाचा अंश असलेली चिकटपट्टी एका जपानी मोटार कंपनीने खास या कामासाठी काढली आहे. दुरुस्त केलेल्या वायरीवर अशी पट्टी गुंडाळणे गैर नाही, पण ती गुंडाळलेल्या जागेपुरतीच राखण करते. उंदीर शेजारची वायर धरतो. रेडिएटरजवळच्या किंवा हवा आत घेणाऱ्या तोंडाला बारीक जाळी बसवावयाची असेल तर मिस्त्रीच्या सल्ल्यानेच बसवावी, नाही तर इंजिन तापेल.

आमचा सर्वांत कडक विरोध आहे तो बॉनेटखाली विष ठेवण्यास. ही चाल अलीकडे फार पसरली आहे. विषारी वडी बॅटरीशेजारी ठेवून माणूस निश्चिंत होतो. गाडी खडबडीत रस्त्याने निघाली की वडी खाली पडते आणि कुत्रे, कोंबडी किंवा रंगीत खाऊ समजून एखादे मूल ती उचलते. ब्रोमाडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. कित्येक दिवस जगतो आणि तेवढे दिवस वायरीही कुरतडतो. शेवटी तो मरतो तेही बहुधा पंख्याच्या डब्यात, जेथे हात पोचत नाही. झिंक फॉस्फाईड घरात वा गाडीत वापरणे तर सर्वस्वी निषिद्ध समजावे. पोटातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो आणि त्यावर खास उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सामान्य माणसाने हाताळण्यास कायद्यानेच मर्यादा आहेत. त्या कोणी हातात ठेवल्या तरी घेऊ नयेत.

तेव्हा कामाला सुरुवात अंगणापासून करावी. गाडी कणगी, कांद्याची बराखी, कडब्याची गंज आणि उकिरडा यांपासून जितकी दूर उभी करता येईल तितकी करावी. शक्य असल्यास मोकळ्या, मुरूम टाकलेल्या किंवा फरशीच्या जागी, भोवती पाच-सहा हात गवत व अडगळ नसेल अशी. पशुखाद्याची पोती गाडीत रात्रभर ठेवू नयेत. पिकअपच्या हौद्यात सांडलेले दाणे व कांद्याची पात रोज झाडून काढावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण उंदराला गाडीची पहिली ओळख बहुधा या दाण्यांनीच होते. गाडीत बसून खाल्लेल्या भेळीचे कागदही त्याच वर्गात. बराच काळ शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचे बॉनेट रात्री उघडे ठेवावे व आठवड्यातून दोनदा तरी इंजिन चालू करावे. ज्या आडोशात रोज उजेड व हालचाल होते तो आडोसा उंदराला नकोसा होतो.

सापळे लावावयाचे ते भिंतीच्या कडेने, उंदराच्या नेहमीच्या वाटेवर. ही वाट तेलकट काळ्या डागांवरून ओळखता येते. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, हे विसरल्यामुळे पुष्कळ सापळे फुकट जातात. पहिल्या दोन-तीन रात्री सापळ्यावर सुका बोंबील, भजे किंवा तेल लावलेली भाकरी ठेवावी आणि चाप ओढू नये. त्याची भीड चेपली की मग एकाच रात्री सर्व सापळे ओढावेत. गाडीच्या चाकांपाशी लावलेला सापळा सकाळी गाडी काढण्यापूर्वी उचलण्याची आठवण ठेवावी.

उंदीर हे गणपतीचे वाहन, आणि चिंचवड तर मोरया गोसावींचे क्षेत्र. त्यामुळे काही घरांतून उंदीर मारण्यास हात धजत नाही. त्या भावनेचा आदर राखून आम्ही इतकेच म्हणू की, देवाच्या वाहनाने भक्ताच्या वाहनात बिऱ्हाड करावे असे कोठेही सांगितलेले नाही. अशा मंडळींनी अंगणाची स्वच्छता आणि गाडीची जागा या दोन गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या तरी पुष्कळ काम होईल.

परंतु एकाच घराने हे सर्व करून भागत नाही. उंदराचा नित्याचा वावर सामान्यतः शे-दीडशे फुटांच्या परिसरात असतो, आणि एक परिसर रिकामा झाला की शेजारचे उंदीर तेथे येतात. एकट्याने मोहीम काढणे म्हणजे विहिरीच्या एका कोपऱ्यातील पाणी उपसण्यासारखे आहे. सबंध वाडीने, पडीक जमिनीच्या मालकांसह, एकाच आठवड्यात काम केले तरच त्याचा गुण येतो. यासाठी दोन वेळा उत्तम: एक, वळीव पडण्यापूर्वीचा मे महिना, जेव्हा शिवारात दाणा कमी असतो आणि भुकेला उंदीर आमिष खातो, आणि दुसरी, खरिपाची काढणी झाल्यानंतर. मावळातील भातखाचरे मोकळी होतात आणि खेडमधील बाजरी निघते तेव्हाच उंदीर घरांकडे व शेडांकडे वळतात. गाड्यांच्या तक्रारी त्या सुमारास का वाढतात, याचे उत्तर त्यात आहे.

मोहिमेची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस परिचित आहे, तरी ती पुन्हा सांगणे इष्ट होईल. पहिल्या दिवशी सायंकाळी बांधावरील व पडीक रानातील झाडून सारी बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच वस्तीची बिळे. त्यांवर खूण करावी. त्यांत दोन दिवस नुसते तेल लावलेले भरड धान्य ठेवून उंदरांना त्याची गोडी लावावी. चौथ्या दिवशी ९६ भाग भरड धान्य, २ भाग गोडे तेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड असे आमिष काठीने कालवून, सुमारे १० ग्रॅमची पुडी प्रत्येक वस्तीच्या बिळात आत खोल सारावी व तोंड बुजवावे. हातमोजे घालावेत, नाका-तोंडावर फडके बांधावे, आणि भांडे पुन्हा कोणत्याही कामास वापरू नये. पाचव्या दिवशी मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. जे वाचतात ते या विषाला पुन्हा शिवत नाहीत. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळे बुजवून पाहावीत आणि उघडलेल्या बिळांत ब्रोमाडिओलोनचे ०.००५ टक्क्याचे आमिष द्यावे. या दुसऱ्या विषावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. विषबाधेचा संशय आल्यास वेष्टण घेऊनच दवाखान्यात जावे. ही रीत बांधांसाठी व रानासाठी आहे. घराभोवती आणि गाडीच्या शेडमध्ये पिंजरा व सापळाच बरा.

विष जपून वापरावे असे म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपले बिनपगारी रखवालदार आहेत. विष खाऊन मंदावलेला उंदीर त्यांच्या तोंडी लागला तर तेही दगावतात, आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट होतात. धामण दिसताच काठी उचलणारा शेतकरी आपल्याच गाडीच्या वायरी तोडावयास मोकळ्या सोडतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय या दोहोंस वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याचे संरक्षण आहे.

कारखान्यांचा वाटा यात निश्चितपणे मागितला पाहिजे. त्यांच्या भिंतीच्या आत कंत्राटी माणसे लावून उंदरांचा बंदोबस्त होतो. पण भिंतीबाहेरची गटारे, कँटीनचा ओला कचरा आणि गाड्या उभ्या करण्याची माळरानावरील जागा ही कोणाचीच नसते. गावातल्या ज्या गाड्या रात्रपाळीत तेथे उभ्या राहतात, त्यांत उंदीर तेथूनच बसून येतात. मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापनांवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी नियमांनीच टाकली आहे. ग्रामसभेने मोहिमेची तारीख ठरवून ती कारखान्याच्या व्यवस्थापकास लेखी कळवावी आणि त्याच आठवड्यात भिंतीबाहेरची जागा साफ करण्यास सांगावे. जमीन देणाऱ्या गावाने एवढे मागणे म्हणजे काही उपकार मागणे नव्हे.

विम्यासंबंधी दोन शब्द. जर्मनीत मार्टेन नावाचा मांजराएवढा प्राणी मोटारींच्या नळ्या चावतो. आपल्या हद्दीत दुसऱ्या मार्टेनचा वास लागलेली गाडी आली की तो विशेष चवताळतो. तेथे या नुकसानीची तरतूद विम्यात सर्रास असते. आपल्याकडे तसा सरसकट नियम समजू नये. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीस मुळीच उपयोगी पडत नाही. सर्वंकष विमा असेल तर उंदरांनी केलेले नुकसान त्यात येते किंवा कसे, हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारून लेखी घ्यावे. नुकसान झाल्यावर वायरी जोडण्याआधी छायाचित्रे काढून कंपनीस कळवावे. गाडी कारखान्याला लावलेली असल्यास ती धंद्याची गाडी म्हणून नोंदविलेली आहे की नाही, हेही पाहावे. तेथे खोट असली तर पुढचा दावा लटका पडतो.

घरटे सापडल्यास ते उघड्या हातांनी ओढू नये आणि हवेच्या झोताने उडवूही नये. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. भातखाचरांत काम करणाऱ्यांना हा रोग नवा नाही. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडवावी, हातमोजे घालून घरटे जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवावे, मग काढून पुरावे. वायरींच्या जोडांवर मात्र पाणी मारू नये. त्यानंतरच गाडीची पाहणी करावी, आणि ती करताना केवळ वायरींवर न थांबता इंधनाची नळी, रेडिएटरची रबरी नळी आणि चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या हाताने चाचपून पाहाव्यात. ब्रेकचे ऑइल खुणेपेक्षा खाली उतरलेले दिसले, किंवा गाडीखाली ओल आढळली, तर गाडी गॅरेजपर्यंत चालवीत नेण्याचे धाडस करू नये. ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.